एका वेळी एकच फेरी: शेल स्क्रिप्ट दुसऱ्यांदा सुरू होऊ नये म्हणून काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात उबुंटूचा सर्व्हर आहे. तुर्भ्याच्या गोदामातल्या संगणकावरून बिलांच्या फाइली ओढून डेटाबेसमध्ये भरणारी बॅश स्क्रिप्ट त्यावर दर ५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड सुरू करणारी सोय) चालते. पहाटे बाजारात माल उतरायला लागला की फाइली वाढतात, एका फेरीला १२-१३ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात क्रॉन आणखी दोन फेऱ्या सुरू करतो. मग एकाच बिलाच्या दोन-दोन नोंदी होतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पीएस (चालू प्रोसेसची यादी) आणि ग्रेप (त्या यादीत नाव शोधणं) लावून 'आधीची फेरी चालू आहे का' हे तपासलंय, तरीही कधी दोन फेऱ्या एकदम चालतात आणि कधी एकही चालत नाही. तर पक्का उपाय काय?

पक्का उपाय म्हणजे फ्लॉक, एका फाइलवर एका वेळी एकालाच लॉक देणारी कमांड. उबुंटूवर ही कमांड यूटिल-लिनक्स या पॅकेजातून आधीच बसवलेली असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. खालच्या ओळी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन अंक वापरा. 'ई' हा पर्याय तेवढा कॅपिटल आहे, बाकी सगळं लहान अक्षरांत. शेबँगच्या (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या) ओळीनंतर, बाकी कशाच्याही आधी हे घाला:

लॉक=/वार/लिब/बिले/ओढा.लॉक
एक्झेक ९>>"$लॉक" || एक्झिट ७३
आरसी=०
फ्लॉक -एन -ई ७५ ९ || आरसी=$?
इफ [ "$आरसी" -ईक्यू ७५ ]; देन एक्झिट ०; फाय
इफ [ "$आरसी" -एनई ० ]; देन एको "लॉक घेता आलं नाही: $आरसी" >&२; एक्झिट ७०; फाय

यानंतर तुमची मूळ स्क्रिप्ट जशीच्या तशी. शेवटी लॉक सोडायची ओळ लागत नाही. लॉकची फाइल पुसायची तर अजिबात नाही. का, ते पुढे येईल. पण नुसत्या ओळी चिकटवून थांबू नका. या प्रकारात कारण समजलेलं नसेल तर सहा महिन्यांनी कोणीतरी एखादी ओळ 'साफ' करतो आणि दुहेरी नोंदी परत सुरू होतात.

तुमची सध्याची तपासणी का फसते ते आधी बघू. क्रॉन वेळ झाली की कमांड सुरू करतो, आधीची संपली की नाही हे तो कधीच बघत नाही. ती जबाबदारी स्क्रिप्टची. पीएसच्या यादीत नाव शोधणं ही त्यावरची सगळ्यांना पहिली सुचणारी युक्ती, आणि तिच्यात एक नाही, अनेक भोकं आहेत. ग्रेपला स्वतःचीच ओळ सापडते हे तुम्हाला माहीत असेल. पण डॉलर-कंसात कमांड चालवली की बॅश स्वतःची एक प्रत काढतो, आणि त्या प्रतीचं नाव स्क्रिप्टचंच असतं. क्रॉन तुमची कमांड 'एसएच -सी' मधून चालवतो, त्या शेलच्या ओळीतही स्क्रिप्टचं नाव असतं. तो शेल मागे उभा राहतो की त्याच्याच जागी स्क्रिप्ट सुरू होते, हे शेल आणि त्याच्या आवृत्तीवर ठरतं. कोणी ती स्क्रिप्ट व्हिममध्ये उघडून ठेवली असेल तर तेही नाव यादीत. म्हणून 'एकापेक्षा जास्त' धरायचं की 'दोनपेक्षा जास्त', हा आकडा एका सर्व्हरवर बरोबर येतो आणि दुसऱ्यावर चुकतो.

त्याहून मूळचा दोष वेगळा आहे. 'बघणं' आणि 'सुरू करणं' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मधे फट आहे. दोन फेऱ्या एकाच क्षणी सुरू झाल्या तर दोघींनाही यादीत कोणी दिसत नाही आणि दोघी चालतात. किंवा दोघींना एकमेकी दिसतात आणि दोघी निघून जातात. तुमची दोन्ही लक्षणं या सगळ्या दोषांतून येऊ शकतात. नाव शोधायचा नियम कितीही बारीक केला तरी ही फट बुजत नाही.

पीआयडी फाइलचंही (जिच्यात चालू प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवतात) तेच. 'फाइल नसेल तर बनव' यातही बघणं आणि बनवणं वेगळं. शिवाय ती फाइल म्हणजे नुसती पाटी. पाटी लावणारा गेला तरी पाटी तशीच राहते. वीज गेली, किल -९ झालं (प्रोसेसला सक्तीने मारलं), मेमरी संपून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, प्रोसेस मारली, की जुना क्रमांक मागे उरतो. मग लोक 'किल -०' ने तो क्रमांक जिवंत आहे का ते बघतात. पण क्रमांक पुन्हा वापरले जातात. जुन्या व्यवस्थेत ही मर्यादा ३२७६८ असे, सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या ६४ बिटच्या सर्व्हरवर बहुधा ४१९४३०४ असते. म्हणजे आता शक्यता कमी, पण सर्व्हर रीबूट झाला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि जुन्या पाटीवरचा लहान क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळतो. आणि ती प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर किल -० 'परवानगी नाही' म्हणून अपयशी ठरतं आणि स्क्रिप्ट समजते की ती मेली.

मेकडिर (डिरेक्टरी बनवणारी कमांड) मात्र मान ठेवण्यासारखी युक्ती आहे. डिरेक्टरी बनवणं आणि 'आधीच आहे' हे कळणं ही एकच अविभाज्य क्रिया असते, त्यामुळे फट उरत नाही. 'सेट -सी' (इथे सी कॅपिटल) लावून फाइल बनवली तरी हेच मिळतं. जिथे फ्लॉक नाही, उदाहरणार्थ मॅकवर, तिथे हे वापरा. फक्त साफसफाईचा ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड) मेकडिर यशस्वी झाल्यानंतरच लावायचा. आधी लावला तर ज्या फेरीला लॉक मिळालं नाही तीच जाता जाता दुसरीची डिरेक्टरी पुसते. ही चूक फार दिसते. आणखी एक: बॅशमध्ये एक्झिटचा ट्रॅप टर्म सिग्नलने मरतानाही चालतो, डॅशमध्ये चालत नाही, तिथे इंट आणि टर्म वेगळे पकडावे लागतात. किल -९ आणि वीज जाणं यांवर मात्र कुठल्याच ट्रॅपचा इलाज नाही. डिरेक्टरी उरते आणि कोणी येऊन हाताने पुसेपर्यंत सगळ्या फेऱ्या बंद.

फ्लॉकमध्ये हे का होत नाही? कारण तिथे फाइल असणं-नसणं याला काही अर्थच नाही. लॉकची नोंद कर्नलकडे असते आणि ती उघडलेल्या फाइलशी बांधलेली असते. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल तिच्या उघड्या फाइली बंद करतो, आणि लॉक धरणारा शेवटचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीला दिलेला क्रमांक) बंद झाला की लॉक सुटतं. म्हणून शेवटी सोडायची ओळ लागत नाही, आणि सर्व्हर रीबूट झाल्यावर जुनी फाइल डिस्कवर दिसली तरी तिच्यावर लॉक नसतं.

आता ओळीओळीने.

एक्झेकमधला ९ हा फाइल डिस्क्रिप्टरचा क्रमांक. बऱ्याच उदाहरणांत २०० असतो. बॅशमध्ये तो चालतो, पण उबुंटू-डेबियनमध्ये एसएच म्हणजे डॅश, आणि डॅशला पुनर्निर्देशनात एकच अंक समजतो. '२००' ला तो कमांड समजून 'सापडली नाही' म्हणतो. शेबँग बॅशचा असूनही कोणी 'एसएच ओढा.श' असं हाताने चालवलं की हे घडतं. ९ दोन्हीकडे चालतो.

एकच मोठ्यापेक्षाचं चिन्ह न देता दोन दिली आहेत, म्हणजे फाइल शेवटी जोडण्यासाठी उघडते. एक चिन्ह असेल तर लॉक मिळण्याआधीच फाइल रिकामी होते. रिकाम्या फाइलीला फरक पडत नाही, पण उद्या कोणी त्यात चालू फेरीचा पीआयडी लिहायचं ठरवलं तर प्रत्येक हरलेली फेरी तो पुसून टाकेल.

'-एन' म्हणजे थांबू नको, लॉक मिळत नसेल तर लगेच परत ये. '-ई ७५' बद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक जण इथे 'फ्लॉक -एन ९ || एक्झिट ०' एवढंच लिहितात. लॉक दुसऱ्याकडे असेल तर फ्लॉक १ हा कोड देतो. पण डिस्क्रिप्टर उघडलाच नसेल, डिरेक्टरीच नसेल किंवा फ्लॉकच पाथमध्ये नसेल, तरी मिळतो तो अपयशाचाच कोड. 'आधीची चालू आहे' आणि 'इथे काहीतरी मोडलंय' या दोन्हींत स्क्रिप्ट गुपचूप शून्याने बाहेर पडते, क्रॉनची मेल येत नाही, आणि आठवडाभर एकही बिल आलेलं नसतं. बॅशमध्ये एक्झेकचं पुनर्निर्देशन फसलं तरी स्क्रिप्ट पुढे चालत राहते, म्हणून त्या ओळीवर 'एक्झिट ७३' वेगळा लावलाय. ७५ हा 'तात्पुरतं अपयश, नंतर बघा' यासाठीचा जुना संकेत आहे. ७५ आला तर शांतपणे जा, दुसरं काहीही आलं तर आरडाओरडा करा. '|| आरसी=$?' अशी रचना यासाठी, की वर 'सेट -ई' (इथे ई लहान; कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवतो) असेल तर फ्लॉकच्या अपयशावरच स्क्रिप्ट मरून कोड वाचायची संधी जाऊ नये.

लॉकची जागा. टेंपमध्ये ठेवू नका. तिथे कोणीही त्याच नावाची फाइल आधी बनवू शकतो. लिनक्स ४.१९ पासूनच्या एका संरक्षणामुळे तर चिकट बिट असलेल्या (म्हणजे टेंपसारख्या, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या) डिरेक्टरीत दुसऱ्याच्या मालकीची फाइल रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या युजरलाही) अशी उघडता येत नाही, आणि 'रूटला परवानगी नाही' हा संदेश बघून माणूस चक्रावतो. शिवाय टेंपमधल्या जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. /रन/युजरखालची स्वतःची डिरेक्टरी सुरक्षित वाटते, पण त्या युजरचं शेवटचं लॉगिन संपलं की ती नाहीशी होते. क्रॉनच्या कामाला ती जागा चुकीचीच. /रन/लॉक उबुंटूवर सगळ्यांना लिहिता येतं, रेड हॅटच्या घराण्यात येत नाही. सर्वांत बिनघोर म्हणजे कामाची स्वतःची डिरेक्टरी: /वार/लिब/बिले, मालक ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालतो तोच, परवानगी ७५०. आणि ती स्क्रिप्ट सुडो लावून चालवायची सवय मोडा. रूटने पहिल्यांदा लॉकची फाइल बनवली तर नंतर क्रॉनच्या युजरला ती उघडता येत नाही.

फाइल पुसायची नाही याचं कारण नीट लक्षात घ्या. पहिल्या फेरीकडे लॉक आहे. दुसरीने तीच फाइल उघडली आहे. पहिली संपताना फाइल पुसते आणि बंद होते. दुसरीला लॉक मिळतं, पण ते अशा फाइलीवर, जिचं नाव आता डिस्कवर नाही. तिसरी येते, तिला त्या नावाची फाइल दिसत नाही, ती नवीन बनवते आणि तिच्यावर लॉक घेते. नाव तेच, आयनोड (नावामागची डिस्कवरची खरी फाइल) दोन, आणि दोन फेऱ्या एकत्र. शून्य बाइटची एक फाइल पडून राहिली तर काही बिघडत नाही. याच कारणासाठी स्क्रिप्टच्या फाइलवरच लॉक घेण्याची युक्ती मी सुचवत नाही, जरी फ्लॉकच्या मॅन पानात ती दिलेली आहे. आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारी कमांड) नवी आवृत्ती चढवली किंवा काही एडिटरांनी फाइल जतन केली की जुनीच्या जागी नवा आयनोड येतो, आणि त्या क्षणी चालू असलेल्या फेरीचं लॉक जुन्यावर राहतं.

क्रॉनटॅबमध्येच फ्लॉक लावला तर? असा:

*/५ * * * * फ्लॉक -एन /वार/लिब/बिले/ओढा.लॉक /ऑप्ट/बिले/ओढा.श

चालतं, आणि दुसऱ्या कोणाच्या स्क्रिप्टला हात लावायचा नसेल तर हेच करा. पण दुसरी फेरी नेहमी क्रॉनच सुरू करतो असं नाही. 'बिलं दिसत नाहीत' असा गोदामातून फोन आला की कोणीतरी टर्मिनलवर जाऊन स्क्रिप्ट हाताने चालवतो, आणि तिथे लॉक लागत नाही. आत लावलेलं लॉक सगळ्या वाटांना लागू पडतं. क्रॉनटॅबमध्ये लावताना आणखी एक फसगत होते: 'फ्लॉक -एन लॉक सीडी /ऑप्ट/बिले && ./ओढा.श' असं लिहिलं तर लॉकच्या आत फक्त सीडी जाते, बाकीचं उघड्यावर राहतं; आणि सीडी ही शेलच्या आतली कमांड असल्याने फ्लॉकला ती सापडत नाही, म्हणून स्क्रिप्ट सुरूच होत नाही. दोन कमांडी असतील तर '-सी' देऊन पुढे सगळं एका अवतरणचिन्हात टाकावं लागतं.

आता मुलांचा, म्हणजे चाइल्ड प्रोसेसेसचा मुद्दा. फ्लॉकबाबत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. डिस्क्रिप्टर ९ स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसकडे वारशाने जातो. स्क्रिप्ट किल -९ केली पण तिने सुरू केलेला आरसिंक अजून चालू आहे, तर लॉक सुटत नाही. लोक याला बिघाड समजतात. खरं तर हेच हवं आहे: काम आरसिंक करतोय, तो चालू असताना नवीन फेरी आत यायलाच नको. पीआयडी फाइलवाली पद्धत इथे हमखास फसली असती, कारण तिच्या मते मुख्य प्रोसेस मेली म्हणजे मैदान मोकळं.

अडचण येते ती स्क्रिप्ट मागे सोडून जाणाऱ्या प्रोसेसची. स्क्रिप्टमध्ये एखादी सेवा अँपरसँड लावून मागे सोडली, की ती सेवा ९ धरून बसते आणि ती जगेल तोवर लॉक सुटत नाही. उपाय सोपा आहे, त्या एकाच कमांडच्या शेवटी डिस्क्रिप्टर बंद करायचा:

/ऑप्ट/बिले/सेवा ९>&- &

फ्लॉकला थेट कमांड देत असाल तर '-ओ' हा पर्याय हेच काम करतो, पण मग कमांडकडे लॉक नसतं, फक्त फ्लॉककडे असतं, हे ध्यानात ठेवा. सिस्टमसीटीएलने सुरू केलेल्या सेवांना हा त्रास नाही. त्या तुमच्या स्क्रिप्टच्या पोटातून जन्मत नाहीत, सिस्टमडी त्यांना सुरू करतो. लॉक कोणी धरलंय हे बघायला एलएसलॉक्स चालवा, आणि फाइलीवर 'फ्यूजर -व्ही' लावा. एलएसलॉक्स मूळ लॉक घेणाऱ्याचा पीआयडी दाखवतं, जो कदाचित मेलेला असेल. फ्यूजर आत्ता फाइल उघडी धरणारे सगळे दाखवतो, म्हणून दोन्ही बघा.

थांबायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय तांत्रिक नाही, तुमच्या कामाचा आहे. तुमच्याकडे पुढची फेरी ५ मिनिटांत येणारच आहे आणि ती उरलेल्या सगळ्या फाइली उचलते, तेव्हा '-एन' बरोबर. रात्रीचा हिशेब दिवसातून एकदाच चालत असेल तर तो सोडून देणं परवडत नाही. तिथे '-डब्ल्यू ९००' द्या, म्हणजे १५ मिनिटं वाट बघून मग हार मानेल. हार मानल्यावरही तोच '-ई' चा कोड मिळतो. तिथे मात्र एक्झिट ० करू नका, मेल जाऊ द्या. मर्यादा न घालता नुसता फ्लॉक दर ५ मिनिटांच्या क्रॉनमध्ये कधीच नको. आतली फेरी अडकली तर तासाला १२ प्रोसेस दाराशी उभ्या राहतात, आणि अडथळा सुटल्यावर त्या सगळ्या एकेक करून तेच काम करत बसतात. ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने आत जातील यावरही विसंबू नका.

एक मधली परिस्थिती असते. फेरी वेळेवर न चालता घटनेवर चालते: गोदामातून 'नवीन फाइल आली' असा इशारा आला की स्क्रिप्ट सुरू. इथे '-एन' ने सोडून दिलेला इशारा हरवू शकतो, कारण चालू फेरीने फाइलींची यादी आधीच वाचून टाकलेली असते. आणि थांबायला लावलं तर रांग वाढते. अशा वेळी दोन लॉक लावा: एक चालणारीचं, एक वाट बघणारीचं.

एक्झेक ८>>/वार/लिब/बिले/थांबा.लॉक
फ्लॉक -एन ८ || एक्झिट ०
एक्झेक ९>>/वार/लिब/बिले/ओढा.लॉक
फ्लॉक ९
एक्झेक ८>&-

कोड तपासायच्या ओळी इथे जागेसाठी गाळल्या आहेत, वरच्यासारख्याच घाला. आता जास्तीत जास्त एक फेरी आत आणि एक दाराशी. तिसरी येईल ती निघून जाईल आणि तिच्या जाण्याने काही हरवत नाही, कारण दाराशी उभी असलेली फेरी अजून यादी वाचायची आहे. ती आत गेल्यावर तिसरीची फाइलही तिला दिसेल. मात्र आठ क्रमांक सोडल्यानंतरच यादी वाचायला सुरुवात करा. क्रम उलटा झाला तर मधल्या फटीत आलेला इशारा हरवतो.

गोदामं अनेक असतील तर सगळ्यांना एकच लॉक लावू नका, नाहीतर तुर्भ्याची फेरी अडकली की भिवंडीची बिलंही थांबतात. लॉकच्या नावात गोदामाचा कोड घाला, आणि त्या कोडमध्ये तिरपी रेघ किंवा मोकळी जागा येत नाही हे आधी तपासा.

'-एन' लावल्यावर एक नवीन धोका उभा राहतो, त्याची तजवीज त्याच दिवशी करा. फेरी कायमची लटकली तर बाकीच्या सगळ्या फेऱ्या शहाण्यासारख्या निघून जातात आणि कोणालाच काही कळत नाही. पावसाळ्यात गोदामाची लाइन मधेच तुटली की एसएसएचला पलीकडचा गेल्याचं कळायला फार वेळ लागू शकतो. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल १५ आणि सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स ३ ठेवा, म्हणजे साधारण ४५ सेकंदांत तो सोडून देईल. आरसिंकला स्वतःचा टाइमआउट ६० द्या. आणि वर एक शेवटची मर्यादा:

टाइमआउट -के ३० ५०एम आरसिंक ...

५० मिनिटांनी टर्म, त्यावरही ३० सेकंदांत मेला नाही तर किल. वेळ संपल्याचा कोड १२४ असतो, तो वेगळा नोंदवा. ही मर्यादा नेहमीच्या सर्वांत लांब फेरीच्या तिप्पट-चौपट ठेवा. १३ मिनिटं लागणाऱ्या कामाला १५ ची मर्यादा घातली तर गर्दीच्या दिवशी चांगली चाललेली फेरी मारली जाईल. शिवाय फेरी यशस्वी झाली की शेवटच्या ओळीत एका फाइलला टच करा, आणि दुसऱ्या क्रॉनमधून 'फाइंड' ला '-एमएमिन +९०' देऊन ती फाइल जुनी झाली का ते बघा. लॉक लागलंय की नाही यापेक्षा 'शेवटचं यश कधी' हा प्रश्न विचारणारी देखरेख जास्त उपयोगाची.

सर्व्हर नवीन असेल किंवा बदल करायला मोकळीक असेल तर क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टाइमर घ्या. वनशॉट (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची सेवा आणि तिचा टाइमर असला की सेवा चालू असताना वेळ झाली तरी दुसरी प्रत सुरू होत नाही; एका युनिटची एकच प्रत हा तिथला पायाच आहे. 'ऑन-युनिट-इनॅक्टिव्ह-सेक' ५ मिनिटं ठेवलं तर मोजणी फेरी संपल्यावर सुरू होते, म्हणजे एक फेरी संपल्यावर ५ मिनिटांचा श्वास. पण तेवढंच लिहिलं तर पहिली फेरी कधीच सुरू होत नाही. सोबत 'ऑन-बूट-सेक' द्या. वनशॉटला सुरू होण्याच्या वेळेची मर्यादा मुळात नसते, 'टाइमआउट-स्टार्ट-सेक' ५० मिनिटं तुम्हीच लिहा. मर्यादा ओलांडली की सिस्टमडी त्या सेवेच्या सगळ्या प्रोसेस मारतो, मागे आरसिंक उरत नाही. तरी स्क्रिप्टमधला फ्लॉक काढू नका. टर्मिनलवरून थेट चालवणारा माणूस टाइमरला विचारत नाही.

उद्या महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये दुसरा सर्व्हर घेतला आणि दोन्हीकडे हेच क्रॉन लावलं, तर स्थानिक डिस्कवरचं लॉक एकमेकांना दिसणार नाही. कंटेनरमध्येही तेच: प्रत्येकाची स्वतःची फाइल सिस्टम, लॉकची फाइल बाहेरून जोडलेली नसेल तर प्रत्येकाला ते मोकळंच दिसणार. कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीसच्या क्रॉनजॉबला 'कॉन्करन्सी-पॉलिसी' मुळात 'अलाव' असते, ती 'फॉर्बिड' करा. एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटून घेतलेली फाइल सिस्टम) फ्लॉक लिनक्स २.६.१२ पासून सर्व्हरपर्यंत पोचतो, पण फाइल लिहिण्यासाठी उघडलेली असावी लागते (वरच्या दोन चिन्हांनी ते आपोआप साधतं), आणि मधलं नेटवर्क तुटल्यावर लॉक कोणाकडे आहे हे सांगणं कठीण होतं. पैशांच्या नोंदींसाठी मी ते वापरणार नाही. तुमचा डेटाबेस दोन्ही सर्व्हरना सामाईक आहेच, लॉक त्याच्याकडे मागा: पोस्टग्रेसमध्ये पीजी_ट्राय_ॲडव्हायजरी_लॉक, मायएसक्यूएलमध्ये गेट_लॉक. ही लॉक जोडणीच्या आयुष्याशी बांधलेली असतात. म्हणून पीएसक्यूएलला '-सी' देऊन लॉक घेतलं आणि पुढच्या ओळीत काम केलं तर उपयोग शून्य, ती कमांड संपताच जोडणी आणि लॉक दोन्ही गेले. काम संपेपर्यंत तीच जोडणी उघडी ठेवावी लागते, आणि शेलमध्ये हे करण्यापेक्षा तेवढा भाग पायथॉनमध्ये लिहिलेला बरा.

आणि हे सगळं करूनही दुहेरी नोंदी पूर्ण थांबतील असं समजू नका. लॉक दोन फेऱ्या एकत्र येऊ देत नाही. पण फेरी डेटाबेसमध्ये नोंद करून फाइल बाजूला हलवण्याआधी मेली, तर पुढची फेरी ती फाइल परत भरणार, आणि त्यात लॉकचा काही दोष नाही. म्हणून नोंदींच्या टेबलावर युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा: गोदामाचा कोड, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक, तिन्ही मिळून. आर्थिक वर्ष विसरू नका. जीएसटीच्या नियमात बिल क्रमांक एका आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो, १ एप्रिलला गोदामं मोजणी पुन्हा १ पासून सुरू करू शकतात, आणि वर्ष नसेल तर तुमची की नवीन वर्षाची खरी बिलं दुहेरी समजून टाकून देईल. भरताना पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (९.५ पासून आहे). आधीच्या दुहेरी नोंदी साफ केल्याशिवाय युनिक की लागणारच नाही, तेव्हा ते काम पहिलं. गोदामाकडच्या संगणकावर फाइल लिहिताना तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावर त्याच डिस्कवर नाव बदलायला सांगा, नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल ओढली जाईल.

शेवटी चाचणी, आणि ती खऱ्या सर्व्हरवर जाण्याआधी. लॉकच्या ओळींनंतर तात्पुरतं 'एको $$ >> /वार/लिब/बिले/चाचणी' आणि 'स्लीप २०' घाला, आणि त्यापुढे लगेच 'एक्झिट', म्हणजे खरं काम होणार नाही. मग हे चालवा:

फॉर आय इन $(सेक १ २०); डू /ऑप्ट/बिले/ओढा.श & डन; वेट

चाचणीच्या फाइलीत एकच ओळ यायला हवी. दोन आल्या तर लॉक लागत नाहीये. बहुधा एक्झेकची ओळ वगळली गेलीय किंवा कंसात, म्हणजे सबशेलमध्ये गेलीय. मग एक फेरी सुरू करून तिला किल -९ करा आणि लगेच दुसरी सुरू करा. ती आत जाणार नाही, कारण स्लीप अजून ९ धरून आहे. २० सेकंद उलटले की जाईल. त्यानंतर लॉकच्या फाइलीचा मालक मुद्दाम रूट करून, परवानगी ६०० ठेवून, क्रॉनच्या युजरने स्क्रिप्ट चालवा. कोड ७३ आणि स्क्रीनवर स्पष्ट तक्रार यायला हवी. गुपचूप शून्य आला तर वरच्या सहा ओळींपैकी एखादी गळली आहे, ती शोधा आणि मगच क्रॉनटॅबला हात लावा.